सातवी ‘ब’वर प्रसन्न झालेली देवी

महाराजांनी उजवा हात वर केला, मुठीतल्या अक्षता मुलांच्या डोक्यांवर उधळल्या आणि ओरडले, “माते, प्रकट हो!”

सातवी ‘ब’ची मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात पांढरा रुमाल आणि रुमालावर त्याचा टॅब, काळाठिक्कर, विझलेला. महाराजांचा आवाज छताला लागून खाली येतो न येतो, तोच ते सगळे टॅब एकदम उजळले. प्रत्येकात सरस्वती. तीच वीणा, तोच हंस, आणि सोनेरी अक्षरांत ‘कल्याणमस्तु’.

मागे उभ्या असलेल्या आईवडिलांच्या गर्दीतून आधी नुसता एक ‘आं’ निघाला. मग टाळ्या, मग जयजयकार. रोज सकाळी पोह्यांवरच्या शेवेसाठी ठेलेवाल्याशी भांडणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, ते चक्क रडत होते. एका बाईंनी आरती सुरू केली, दुसरीनं दुसरीच, आणि दोघीही मागे हटेनात. तेवढ्यात महाराजांनी मूठ मिटली. सगळे टॅब पुन्हा काळे.

“गेली!” कुणीतरी म्हणालं. “फोटोच नाही काढता आला यार.”

“भक्तहो,” महाराज म्हणाले, “तुमचे बच्चे दिनभर या काचेत बघतात. काच कोणाची? कलीची! म्हणून मी सांगितलं, सगळे टॅब आधी बंद करा. केले ना बंद? बंद यंत्रात देवी आली! ना बटन, ना करंट. याला म्हणतात सिग्नल! तुमचा सिग्नल टॉवरवरून येतो, आमचा वरून येतो. टॉवरवाल्याचा रिचार्ज दर महिन्याला. आमचा एकदाच, आणि तोही श्रद्धेचा!”

श्रद्धेच्या रिचार्जसोबत पांढरं ‘सिद्ध कव्हर’ घ्यावं लागत होतं. ते दारापाशी टेबलावर मिळत होतं. दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं.

मी हे सगळं लायब्ररीच्या दारातून पाहत होतो. लायब्ररी हॉलला लागूनच आहे. शाळा आपल्या इंदौरच्या बडा गणपतीजवळची, नाव सांगत नाही. निवृत्त झाल्यापासून मी तिथे बसतो, पुस्तकांना कव्हरं घालतो, नंबर चिकटवतो. पगार नाही, त्यामुळे मला काढून टाकणंही अवघड आहे. मी नास्तिक आहे, पण हळू आवाजात. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडाला कोरड पडते आणि जे म्हणायचं असतं ते घरी गेल्यावर आठवतं. त्या दिवशीही मला वाटलं, यात काहीतरी गोम आहे. लगेच दुसरं वाटलं, तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं दिनानाथ? गप्प बस.

या शाळेनं दोन वर्षांपूर्वी नियम केला होता की मुलांनी आपापला टॅब किंवा फोन घरून आणायचा आणि वर्गात त्यावरच शिकायचं. धडे, नकाशे, गणितं, सगळं त्यातच. मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पोरं रील बघतात, गेम खेळतात, जेवताना मान वर करत नाहीत. मुख्याध्यापिका अरुंधती मॅडम बिचाऱ्या दोन्हीकडून मार खात होत्या. टॅब बंद करावेत तर ‘मॉडर्न’ शाळा हे नाव जाईल, ठेवावेत तर पालक पिच्छा सोडणार नाहीत. त्यांना कुणीतरी यंत्रानंद महाराजांचं नाव सुचवलं. देपालपूरकडे मोठं नाव आहे म्हणे, टॅबची शुद्धी करतात, मग मुलं त्यात फक्त अभ्यासच बघतात. मॅडमना हे पटलं की नाही माहीत नाही, पण सोयीचं वाटलं.

तर त्या दर्शनानंतर महाराजांनी विचारलं, “कोणाला दर्शन नाही झालं, असं आहे का कुणी?”

हा प्रश्न उत्तरासाठी नव्हता. पण दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. कीर्तीचा.

कीर्तीला जन्मापासून फार कमी दिसतं. चष्म्यानं थोडा फरक पडतो, जास्त नाही. फळ्यावरचं तिला पाण्यानं पुसल्यासारखं दिसतं. छापील पुस्तक नाकाला लावलं तरी ओळी एकमेकींत मिसळतात. टॅब आला तेव्हापासून ती फळ्याचा फोटो काढते, बोटांनी मोठा करते आणि वाचते. या मुलीनं टॅबवर जेवढी पुस्तकं वाचलीत तेवढी माझ्या लायब्ररीतून गेल्या दोन वर्षांत कुणी नेलेली नाहीत.

“मला देवी नाही दिसली,” ती म्हणाली.

“मग काय दिसलं, बेटा?”

“खाली एक पट्टी होती. तिच्यावर—”

“पट्टी!” महाराजांनी तिचं वाक्य तोंडातून काढून घेतलं. “ऐकलं? मातेनं मुख फिरवलं! हे यंत्र दूषित आहे. एक दूषित यंत्र वर्गात असलं की सगळ्यांची शुद्धी उतरते. पुढच्या शनिवारी याला नर्मदाजलात स्नान. घंगाळ भरून ठेवा.”

आता इंदौरमध्ये नर्मदा एक दिवसाआड नळाला येते आणि आम्ही तिच्यात कपडेही धुतो. पण घंगाळ, झेंडू आणि महाराज असले की नळाचं पाणी नर्मदाजल होतं.

लोक बाहेर पडत होते. व्हरांड्यात चपला शोधताना एक आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही. “सगळ्यांच्याच घरी कशी येईल देवी? संस्कार लागतात ना तसे.”

कीर्तीची आई जया शेजारीच होती. पोस्टाच्या काउंटरवर काम करते, आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. हे सगळ्या पालकांना ठाऊक होतं, आणि तो आवाज त्यावरूनच आला होता.

जया वळली. “असं का? देवी टॅबात यायच्या आधी आडनाव वाचते का हो?”

एकदम सगळ्यांना आपापल्या चपला सापडल्या.

जया तशीच मॅडमच्या केबिनमध्ये गेली. जाताना तिनं मला म्हटलं, “आबा, या ना सोबत.” मी गेलो आणि कोपऱ्यात कपाटाला टेकून उभा राहिलो. माझा उपयोग तेवढाच.

“मॅडम, तो टॅब नाही, माझ्या मुलीचे डोळे आहेत. ते पाण्यात घालायचे?”

“जयाजी, समजा ना,” मॅडम म्हणाल्या. “पूरी पालक-सभा एका बाजूला आहे. स्नान झालं की बात खतम. तोपर्यंत तो टॅब वर्गात नको.”

“आणि नाही घातला पाण्यात तर?”

“मग तिला टॅबच्या वर्गात नाही ठेवता येणार. ‘क’ तुकडीत बसेल. तिथे टॅब चालत नाहीत, फळ्यावर शिकवतात.”

“फळा तिला दिसत नाही.”

मॅडम टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या.

“पाण्यात घातल्यावर चालेल का तो टॅब?” जयानं विचारलं.

“महाराज म्हणतात, श्रद्धा असली तर चालेल.”

“आणि नाही चालला तर?”

मॅडम प्रामाणिक बाई आहेत. क्षणभर विचार करून म्हणाल्या, “तर श्रद्धा नव्हती, असं होईल.”

म्हणजे टॅब बुडवला तरी कीर्तीचं वाचन गेलं, आणि नाही बुडवला तरी गेलं.

सोमवारपासून कीर्ती लायब्ररीत माझ्यासमोर बसू लागली. वर्गात टॅब न्यायचा नाही, आणि टॅबशिवाय वर्गात बसून करायचं काय? मी तिला इतिहासाचा धडा वाचून दाखवू लागलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, “आबा, राग नका मानू, पण तुम्ही वाचलं की झोप येते.”

“मलाही येते,” मी म्हटलं.

मग तिनं दप्तरातून टॅब काढला. इथे वर्ग नव्हता, त्यामुळे नियमही नव्हता. तिनं बटन दाबलं आणि पडदा उजळला, त्यावरचं सगळं फुगून राक्षसाएवढं झालेलं. एका वेळी दोन-तीन शब्दच मावत होते. बोटानं सरकवत ती वाचत होती. किल्लीच्या भोकातून आख्खी खोली बघावी तसं.

“त्या दिवशीपण हे असंच मोठं होतं?” मी विचारलं.

“हो. मी कमी करतच नाही कधी.”

“मग देवी आली तेव्हा तुझ्या या भोकाखाली काय होतं?”

“खालचा डावा कोपरा. तेच तर सांगत होते ना सगळ्यांना! तिथे पट्टी होती आणि लिहिलं होतं, ‘सादरकर्ता : पीयूष सर.’ मी वर सरकवायला गेले तर तोपर्यंत महाराजांनी मूठ मिटली.”

माझ्या हातातला गोंदाचा ब्रश तसाच राहिला. पीयूष सर म्हणजे शाळेचे कॉम्प्युटरचे शिक्षक.

“तू नीट वाचलंस? चूक झाली असेल एखादी. तुला कमी दिसतं, म्हणून म्हणतो.”

ती चिडली. “आबा, मला कमी दिसतं. चुकीचं नाही दिसत.”

मी माफी मागितली. ती तिनं लगेच दिली, कारण तिला पुढचं सांगायची घाई होती. “भूगोलाच्या तासाला पीयूष सर आपल्या लॅपटॉपवरून मध्य प्रदेशचा नकाशा पाठवतात. एक बटन दाबलं की सगळ्या वर्गाच्या टॅबवर एकदम येतो. तेव्हापण तीच पट्टी असते खाली. एवढ्या बारीक अक्षरांत कुणी वाचतच नाही. मी वाचते, कारण माझ्याकडे सगळंच मोठं असतं.”

“पण टॅब तर बंद होते.”

“कुठे बंद? बाजूचं बटन एकदा दाबलं की पडदा झोपतो. आतला टॅब जागाच असतो. रात्री मम्मीचा फोन असाच असतो, तरी सकाळी अलार्म वाजतोच ना.”

मी खुर्चीत मागे टेकलो. म्हणजे रोज भूगोलाच्या तासाला जे होतं तेच शनिवारी झालं होतं. फरक इतकाच की नकाशाच्या वेळी कुणी अक्षता टाकत नाही. आणि शनिवारी पीयूष सर कुठे होते? हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, स्पीकरच्या टेबलाशी, लॅपटॉप उघडून. आम्हाला वाटलं, भजन लावायला बसलेत.

दुसरा कुणी असता तर उठून थेट मॅडमकडे गेला असता. मी मात्र शंका काढत बसलो. एका पोरीनं एक पट्टी वाचली म्हणून सगळ्या हॉलनं पाहिलेलं खोटं ठरवायचं? पीयूष सर म्हणतील, पट्टी नेहमीचीच, आदल्या तासाची राहिली असेल. वायफाय बंद करून पाहावं, तर महाराज म्हणतील, तुम्ही विघ्न आणलंत म्हणून माता आली नाही. या लोकांना हरवायचं तर असं काहीतरी हवं की त्यांना पळवाटच राहू नये.

या विचारात असताना बंटी आत आला. बंटी कीर्तीच्या वर्गातला, पुस्तकासाठी कधीच न आलेला. आताही लपायलाच आला होता.

“काय आबा! कीर्ती, तुझं बरं आहे, इथे एसीत बसलीस.”

“पंखा आहे तो,” कीर्ती म्हणाली.

“आमच्या मम्मीनं सगळे गेम उडवले यार. बोलली, शुद्ध टॅबात गेम नाही ठेवायचे.” बंटीची मम्मी अमिता, महाराजांची पहिली भक्त. बडा गणपतीपाशी त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. हॉलमधला झेंडू, नारळ, अक्षता, सगळं तिथूनच आलं होतं. बंटीनं पांढऱ्या कव्हरातला टॅब माझ्यासमोर आपटला. “आता सगळ्या शाळेचे टॅब सारखेच दिसतात. काल माझा आठवीवाल्या चुलतभावाशी बदलला, घरी जाईपर्यंत कळलंच नाही.”

मी आणि कीर्तीनं एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे मी पाहिलं, तिनं माझ्या खुर्चीच्या आवाजावरून ताडलं.

“बंटी,” मी म्हटलं, “पीयूष सर सातवी ‘ब’ला नकाशा पाठवतात, तो तुझ्या आठवीवाल्या भावाच्या टॅबवर जातो का?”

“कसा जाईल? ज्या वर्गाचा टॅब, त्याच वर्गाचं येतं.”

“आणि तुझा टॅब इथे लायब्ररीत राहिला, तू वर्गात असलास, तर?”

“तर इथे येईल. एकदा टॉयलेटमध्ये घेऊन गेलो होतो, तिथेपण आला होता मध्य प्रदेश.”

बस. शक्ती महाराजांच्या हातात असेल तर हॉलमधला टॅब उजळेल, मग तो कोणत्याही वर्गाचा असो. पीयूष सरांच्या बटनात असेल तर टॅब सातवी ‘ब’चाच उजळेल, मग तो कुठेही असो. आठवीचे दोन-चार टॅब हॉलमध्ये न्यायचे, सातवीचे तेवढेच लायब्ररीत ठेवायचे. बाकी देवीची मर्जी.

बंटीला समजायला एक मिनिट लागलं आणि आवडायला तेवढाही नाही. “आबा, टेन्शन नका घेऊ. अपन सेटिंग करतो. पण मम्मी मारेल.”

“मारेल,” मी कबूल केलं.

संध्याकाळी जया मुलीला न्यायला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं कीर्तीचं दप्तर खांद्याला लावलं. मग म्हणाली, “आणि उलटं पडलं तर, आबा? सगळ्या शाळेसमोर माझी पोरगी खोटी ठरेल.”

मी म्हटलं, “माझंही चुकत असेल. माझं बऱ्याचदा चुकतं.”

कीर्ती म्हणाली, “मम्मी, खोटी ठरले तर खोटी. पण बघू तर दे.”

शनिवारी हॉल आणखी भरला. घंगाळ मांडलं होतं, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. शेजारी ताटात कुंकू लावलेला कीर्तीचा टॅब. तो वर्गाच्या यादीतून आधीच काढला होता, त्यामुळे त्यावर आता नकाशाही येत नव्हता. ती आणि जया पहिल्या रांगेत. पीयूष सर कोपऱ्यात आपल्या टेबलाशी. बंटी आणि त्याच्या बाकावरचे तिघे आठवीचे टॅब पुढ्यात घेऊन, डोळे मिटून, संतासारखे बसलेले. त्यांचे खरे चार टॅब लायब्ररीत, माझ्या टेबलावर, शब्दकोशांच्या शेजारी.

“आधी शुद्ध यंत्रांना दर्शन,” महाराज म्हणाले. “मग दूषित यंत्राला स्नान.”

अमिता पुढे सरसावली. “महाराजजी, मागच्या टाइम फोटोच नाही काढता आला. देवीला जरा वेळ थांबवा ना. आरती होईपर्यंत.”

सगळ्यांनी होकार दिला. महाराजांनी डोळे मिटून वर विचारल्यासारखं केलं. मग स्पीकरच्या टेबलाकडे बघत मोठ्यानं म्हणाले, “माता थांबेल. आरती होईपर्यंत थांबेल!”

मी आत गेलो आणि टेबलाशी बसलो. खरं सांगायचं तर त्या वेळी माझी इच्छा होती की काहीच होऊ नये. झालं तर मला हॉलमध्ये जाऊन बोलावं लागणार होतं.

बाहेरून आवाज आला, “माते, प्रकट हो!” आणि माझ्या नाकासमोर, मराठी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाशेजारी, चार सरस्वत्या उजळल्या.

आयुष्यभर कधी उदबत्ती न लावलेल्या माणसावर देवी चौपट प्रसन्न झाली होती. मंत्र नाही, अक्षता नाहीत, सिद्ध पुरुष भिंतीपलीकडे.

हॉलमधून बंटीचा आवाज आला. “मम्मी! आमच्या चौघांकडे नाही आली!”

मग गोंधळ. मी चारही टॅब छातीशी धरून दारात आलो. अमिता मुलाचा टॅब हलवून बघत होती, जणू देवी आत कुठेतरी अडकली असावी.

“हे कसं झालं, महाराजजी? आमच्या घरी तर रोज दोन वेळा आरती होते.”

महाराज क्षणभरच चाचरले. “एकाचा दोष शेजाऱ्यालाही लागतो. म्हणूनच म्हणतो, दूषित यंत्र वर्गात नको! आता हे चारही टॅब स्नानाला आणा.”

“पाण्यात?” अमिता म्हणाली. तिनं टॅब पाठीमागे लपवला. “हा नवा आहे, महाराजजी. दिवाळीला घेतलाय.”

“श्रद्धा आहे ना?”

“श्रद्धा आहे,” अमिता म्हणाली, “पण वॉरंटीमध्ये पाणी नाही चालत.”

त्या हॉलमधला विवेकाचा पहिला उद्गार तोच होता, असं मी मानतो.

आता मला बोलायचं होतं. मी नुसताच पुढे गेलो आणि एक टॅब डोक्यावर धरला. त्यात सरस्वती होती. मग दुसरा. त्यातही.

“हे... हे सातवीच्या मुलांचे,” मी म्हटलं, “लायब्ररीत होते. यांच्या पुढ्यात आहेत ते आठवीचे.”

“काय बोलताय दिनानाथजी, मोठ्यानं बोला!” मागून कुणीतरी ओरडलं.

जया उभी राहिली. पोस्टाच्या काउंटरवर कमावलेला तिचा आवाज आहे, त्याला माईक लागत नाही. “ऐका! आबांच्या हातात बंटीचा खरा टॅब आहे. तो भिंतीपलीकडे होता, तरी त्यात देवी आली. बंटीच्या पुढ्यात आठवीचा टॅब आहे. तो महाराजांच्या समोर होता, तरी त्यात नाही आली. म्हणजे देवी महाराजांचं ऐकत नाही. वर्ग बघून येते!”

ज्यांना कळलं ते शेजाऱ्याला समजावू लागले.

कीर्ती उठून घंगाळापाशी गेली. ताटातून आपला टॅब उचलला, कुंकू फ्रॉकला पुसलं. माझ्या हातातल्या सरस्वतीचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा करत गेली. हंस मोठा झाला, हंसाचा पाय मोठा झाला, मग काळी पट्टी आली. तिनं टॅब अमिताच्या हातात दिला.

“काकू, तुम्ही वाचा.”

अमितानं वाचलं. “सादरकर्ता, पीयूष सर. वर्ग, सातवी ब.” तिनं पुन्हा मनाशी वाचलं. मग मान वळवून स्पीकरच्या टेबलाकडे पाहिलं. तिच्यामागोमाग आख्ख्या हॉलनं पाहिलं.

“पीयूष,” अरुंधती मॅडम हळू म्हणाल्या, “ते बंद करा.”

पीयूष सरांनी एक बोट उचललं आणि खाली टेकवलं. पुढ्यातल्या टॅबांमधून आणि माझ्या हातातल्या टॅबांमधून देवी एकाच वेळी गेली.

“मॅडम, ऐका ना,” पीयूष सर लॅपटॉपपासून मागे सरकत म्हणाले. “देपालपूरला यांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं. मी यांच्याच हाताखाली काम शिकलो. उस्ताद बोलले, एकदाच कर, मुलांना चांगलं वळण लागेल. हात वर केला की दाबायचं, मूठ मिटली की काढायचं. टॅब बुडवायचं माहीत नव्हतं मला, कसम से.”

“विज्ञान हे माझंच माध्यम आहे!” महाराज गरजले. “बटन याचं, पण प्रेरणा माझी!”

“मग या वेळी प्रेरणा द्या,” जया म्हणाली, “आणि पीयूष सर हात मागे बांधून बसतील. काय सर?”

पीयूष सरांनी लगेच हात मागे बांधले. महाराजांनी हात वर केला. मग हॉलभर नजर फिरवली आणि तोच हात खाली आणून घड्याळ बघितलं. त्यांना उज्जैनला कार्यक्रम होता, असं आम्हाला तेव्हा कळलं.

सगळे शहाणे झाले असं नाही. दोन-तीन जण गाडीपर्यंत पाया पडायला गेले. एक गृहस्थ मला म्हणाले, “तुम्ही लोकांनी वातावरण खराब केलं.” अमितानं बंटीला दोन रट्टे दिले, ठरल्याप्रमाणे, आणि मग कीर्तीच्या फ्रॉकला लागलेलं कुंकू पदरानं पुसलं. जयाशी ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं असं वाटलं.

मॅडमनी कीर्तीला सातवी ‘ब’मध्येच ठेवलं, टॅबसकट. शिवाय मुलांच्या रीलसाठी त्यांनी आता एक साधा उपाय केला आहे. तास संपला की टॅब दप्तरात. आधी हे कुणालाच सुचलं नव्हतं, कारण त्यात चमत्कार नाही.

वाचकहो, देवीला मानावं की नाही, हा तुमचा प्रश्न. त्यात पडायची माझी लायकी नाही. पण कुणी देवीच्या नावानं तुमच्या मुलाच्या हातातलं शिकण्याचं साधन काढून घेऊ लागला, तर हात जोडण्याआधी विचारा, हे कसं झालं? नुसतं विचारून थांबू नका. एखादी वस्तू जागची हलवा, शेजारच्या खोलीत ठेवा, कुणाचे तरी हात बांधा, आणि पुन्हा करून दाखवा म्हणा. जे खरं असतं त्याला पुन्हा करून दाखवायला लाज वाटत नाही. आणि मी सांगतो म्हणून यातलं काहीही मानू नका. माझं बऱ्याचदा चुकतं. स्वतः तपासून पाहा.